त्याच कोपऱ्यात पुन्हा लाल थर: रीफ टँकमधील प्रवाहाचा दोष कसा शोधावा

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, चालू होऊन वर्ष-दीड वर्ष झालेले असते, पाण्यातली नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्ये ताब्यात असतात, प्रवाळ वाढत असतात, आणि तरीही मागच्या एका कोपऱ्यात लालसर-जांभळा चिकट थर दर दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. सायफनने तो काढला की वाळू दोन दिवस पांढरी दिसते, आठवड्याने तिच्यावर गुलाबी झाक चढते आणि तिसऱ्या आठवड्यात बुडबुडे धरलेली पातळ चादर पुन्हा पसरते. थर टँकभर कुठेही न येता नेमका त्याच जागी येत असेल, तर कारण पाण्यात काय विरघळले आहे यापेक्षा पाणी कसे फिरते यात शोधावे, असे मी आता ठामपणे म्हणू शकतो.

माझ्या टँकमध्ये हे चक्र सात महिने चालले. टँक १२० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच आहे, म्हणजे काचेच्या मापाने ३०० लिटर. दगड आणि वाळू वजा केली की प्रत्यक्ष पाणी २५० लिटरच्या आसपास उरते. दोन्ही आखूड बाजूंच्या काचांवर ताशी ५,००० लिटरचा एकेक वेव्हमेकर (टँकमधले पाणी ढकलत ठेवणारा पंप) समोरासमोर लावलेला होता आणि संपमधून, म्हणजे टँकखालच्या टाकीतून, रिटर्न पंप ताशी १,५०० लिटर पाणी वर आणत होता. रिटर्न हिशोबात धरला नाही तरी तासाला पाण्याच्या चाळीस पट प्रवाह झाला. रीफ टँकसाठी साधारणपणे वीस ते पन्नास पट प्रवाह सांगितला जातो, त्यामुळे प्रवाह अपुरा असेल ही शंका मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली, आणि पुढचे सगळे उपाय त्यामुळेच चुकीच्या दिशेने गेले.

दिवे आठ तासांवरून सहा तासांवर आणले, माशांचे खाणे कमी केले, आठवड्याला दहाऐवजी वीस टक्के पाणी बदलून पाहिले. एकदा सायनोवरचे, म्हणजे असा थर करणाऱ्या सायनोबॅक्टेरियावरचे, औषधही वापरले. थर चार दिवसांत गेला, पण मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन इतका घटला की मासे पृष्ठभागाशी येऊन श्वास घेऊ लागले, आणि पाचव्या आठवड्यात थर त्याच जागी पुन्हा हजर झाला. शेवटी उजवीकडचा वेव्हमेकर काढून त्याच्या जागी मोठा बसवला. त्याने पुढच्या बाजूला वाळूत काचेपर्यंत खड्डा पाडला, युफिलिया या लांब हातांच्या मांसल प्रवाळापैकी एकाचे मांस सांगाड्याच्या कडेवर घासून फाटले, आणि मागचा कोपरा होता तसाच राहिला. पंप दीडपट ताकदीचा होऊनही त्या कोपऱ्यात काहीच बदलले नाही, याचा अर्थ त्याने ढकललेले पाणी तिथपर्यंत जातच नव्हते.

आधी थराची ओळख पटवावी

प्रवाहाकडे वळण्यापूर्वी थर खरोखर सायनोबॅक्टेरियाचा आहे याची खात्री करणे आवश्यक आहे. सायनोला आपण सवयीने शेवाळ म्हणतो, पण ते प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्यांचा थर एकसंध असतो, कडेला नळी धरली की चादरीसारखा सोलून निघतो, आणि रात्री दिवे बंद झाल्यावर पुष्कळसा फिका पडतो. याउलट तपकिरी, शेंबडासारखे ओघळणारे, टोकाला बुडबुडा धरलेले धागे दिसत असतील तर ते डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) असण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेले असतील तेव्हा. घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे: थोडा थर टँकच्या पाण्यात घेऊन बंद बाटलीत जोरात हलवावा, ते पाणी कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळावे आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा धागे जुळून गोळे झाले तर डायनो समजावेत. त्यांच्यावर या लेखातले उपाय चालणार नाहीत. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर या चाचणीचीही गरज नाही.

कोरड्या दगडांवर उभारलेल्या नव्या टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत थर सगळीकडे येतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. तो या समस्येत मोडत नाही.

प्रवाहाचा नकाशा काढणे

पंपाच्या खोक्यावरचा आकडा पंपाच्या तोंडातून किती पाणी निघते ते सांगतो. ते पाणी पुढे कुठे जाते आणि कुठून परत येते याबद्दल तो आकडा मूक असतो. म्हणून पाण्याचा वेग टँकच्या प्रत्येक भागात, निदान ढोबळमानाने, स्वतः मोजावा लागतो. मी कागदावर टँकचे अठरा खण पाडले: डावा, मधला, उजवा, पुढचा, मधला, मागचा, आणि या नवांचे वरचे व खालचे असे दोन मजले. काचेवर ३० सेंमी अंतराने चिकटपट्टीचे तुकडे लावले. गोठवलेला मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचे माशांचे खाद्य) वितळवून त्याचे बारीक कण रबरी फुगा असलेल्या लांब नळीने एकेका खणात हळूच सोडले आणि फोनवर चित्रण केले. एखादा कण ३० सेंमी अंतर तीन सेकंदांत कापत असेल तर वेग सेकंदाला १० सेंमी झाला. मागचे खण समोरून दिसत नाहीत आणि वरून पाहावे तर लाटांमुळे काही कळत नाही. त्यासाठी सपाट तळाचा पारदर्शक डबा पृष्ठभागावर टेकवून त्यातून खाली पाहिले की सगळे स्पष्ट दिसते. हे काम एका बैठकीत करू नये, कारण खाण्याचे कण फार झाले तर तेच थराला खतपाणी घालतील.

माझ्या नकाशात वरच्या मजल्यावर बहुतेक खणांत वेग १५ ते २५ सेंमी होता. पुढच्या-मधल्या-खालच्या खणात कण खाली आपटून दोन्हीकडे फेकले जात होते. मागच्या-उजव्या-खालच्या खणात मात्र कण सरळ खाली उतरला आणि पडून राहिला. लाल थराच्या कडा आणि त्या खणाच्या कडा जवळपास जुळत होत्या. याच वेळी त्याच नळीने दगडांवर फुंकर मारावी. ज्या दगडावरून करड्या गाळाचा ढग उठतो तिथे पाणी पोहोचत नाही, हा दुसरा पुरावा मिळतो.

पाणी तिथे का पोहोचत नव्हते

वेव्हमेकरमधून निघणारा झोत पुढे जाताना आजूबाजूचे पाणी आपल्याबरोबर ओढतो, रुंदावतो आणि मंदावतो. सारख्या ताकदीचे दोन झोत समोरासमोर सोडले की ते मधोमध एकमेकांवर आदळतात आणि त्या पाण्याला खाली जाण्यावाचून मार्ग उरत नाही. ते तळाशी आपटते, वाळू उकरते आणि तळालगत दोन्ही टोकांकडे परतते. माझ्या टँकमध्ये दगडांची भिंत मागच्या काचेला टेकलेली होती, त्यामुळे खाली येणारे सगळे पाणी दगडांच्या पुढच्या बाजूनेच उतरत होते आणि पुढच्या बाजूनेच परतत होते. मोठा पंप लावल्यावर खड्डा खोल झाला, याचे कारण हेच. दगडांमागे पाणी शिरायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी वाट अशा दोन वाटा लागतात. तिथे धड एकही नव्हती. डाव्या-मागच्या बाजूला ओव्हरफ्लोचा, म्हणजे वरचे पाणी संपमध्ये उतरवणारा, उथळ डबा असल्याने तिकडे थोडीफार ओढ होती, उजवा कोपरा मात्र पूर्णपणे आडोशाला पडला होता. तिथे माशांची विष्ठा आणि खाण्याचे कण बसत, कुजत, आणि त्यातून सुटणारे पोषण त्या जागीच राहत असे. टँकच्या पाण्याची चाचणी निर्दोष येई, कारण चाचणीचे पाणी आपण पुढून, वरून, वाहत्या भागातून घेतो.

प्रवाळांसाठी याचे महत्त्व थरापुरते मर्यादित नाही, म्हणून थोडे विषयाच्या मुळाशी जातो. कुठल्याही पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर पापुद्रा असतो. प्रवाळाला ऑक्सिजन, कार्बन, कॅल्शियम जे काही घ्यायचे आणि जे काही टाकायचे ते या पापुद्र्यातून विसरणाने, म्हणजे फार मंद गतीने, पार व्हावे लागते. बाहेरचे पाणी वेगाने सरकू लागले की हा पापुद्रा पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. दिवसा प्रखर उजेडात ऊतींमधल्या झूझँथेली (प्रवाळात राहणारी सूक्ष्म शैवाले) इतका ऑक्सिजन तयार करतात की तो वाहून गेला नाही तर प्रवाळालाच अपायकारक ठरतो. रात्री उलट ऑक्सिजन आत यावा लागतो. मासा पोहत दुसरीकडे जाऊ शकतो, प्रवाळ जागचा हलू शकत नाही. त्याच्यासाठी पाण्यानेच हलले पाहिजे. एकाच बाजूने पांढरे पडत जाणारे फांद्यांचे प्रवाळ अ‍ॅक्रोपोरा, बुंध्याशी मेलेल्या फांद्या, थाळीसारख्या प्रवाळाच्या मध्यावर साचलेला गाळ ही सगळी त्याच दोषाची लक्षणे आहेत, आणि थर नसलेल्या टँकमध्येही ती दिसतात.

दुरुस्ती: आधी दगड, मग पंप

क्रम महत्त्वाचा आहे. दगड जागेवर ठेवून केवळ पंप फिरवत राहिल्यास एक आडोसा जातो आणि दुसरा तयार होतो. मी दगडांची रचना मागच्या काचेपासून ७-८ सेंमी पुढे आणली, भिंतीचे दोन ढीग केले आणि त्यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट सोडली. खालचे दगड वाळूवर नुसते न टेकवता काचेच्या तळाशी स्थिर बसतील असे ठेवले, म्हणजे वाळू सरकली तरी ढीग कोसळत नाही. यासाठी निम्मे पाणी उपसावे लागते आणि मागे साचलेला गाळ आधी सायफनने काढून घ्यावा लागतो. तो हलवून टँकभर पसरू देणे धोक्याचे आहे.

त्यानंतर दोन्ही वेव्हमेकर आपापल्या आखूड काचेवरच, पण मागच्या काचेच्या जवळ, पृष्ठभागापासून सुमारे १५ सेंमी खाली बसवले आणि त्यांचे तोंड मागच्या काचेला समांतर ठेवले. काचेलगत धावणारा झोत एका बाजूने पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे तो कमी पसरतो आणि लांबवर टिकतो. डावा पंप चालू असताना पाणी मागच्या बाजूने उजवीकडे जाते, उजव्या काचेवर वळते आणि पुढच्या बाजूने व दोन ढिगांमधल्या फटीतून परत येते; उजवा पंप चालू झाला की हेच चक्र उलट फिरते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीने कधीच चालत नाहीत. एक ७० टक्क्यांवर असतो तेव्हा दुसरा २० टक्क्यांवर, आणि दर तीन तासांनी त्यांची अदलाबदल होते. सगळे पाणी एका दिशेने फिरू लागायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे तीस-तीस सेकंदांची अदलाबदल ठेवली तर असे मोठे चक्र तयारच होत नाही. लहान अदलाबदलीचा उपयोग वेगळा आहे, तो प्रवाळांजवळ खळबळ निर्माण करण्यासाठी.

मागच्या उजव्या कोपऱ्यातला वेग सेकंदाला ७-८ सेंमीवर आला. मोठा पंप काढून मूळचा ५,००० लिटरचाच परत लावला होता, म्हणजे एकूण ताकद वाढलेली नव्हती. शेवटचा थर सायफनने काढल्यावर तो पुढचे चार महिने आला नाही.

लाट उठवणाऱ्या पद्धतीबद्दल इथेच सांगतो, कारण अनेकांना ती पहिला उपाय वाटते. हवाईतील वायकीकी मत्स्यालयात पूर्वी काम केलेल्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी आणि साधी युक्ती आहे: टँकच्या वर ठेवलेली टाकी पंपाने भरत राहते, पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की सायफन सुरू होऊन सगळे पाणी एका दमात टँकमध्ये कोसळते आणि पुन्हा टाकी भरू लागते. खऱ्या रीफवरच्या लाटेसारखी ती ये-जा असते आणि प्रवाळांना ती मानवते. हल्ली तेच काम पंपाला ठरावीक लयीत चालू-बंद करून करता येते. १२० सेंमी लांब आणि सुमारे ४५ सेंमी पाणी असलेल्या टँकचा स्वतःचा डोलकाळ (पाणी एकदा झुलून परत यायला लागणारा वेळ) १.३ ते १.४ सेकंदांचा असतो. पंपाची लय त्याला जुळली की थोड्या ताकदीतही पाणी झुलू लागते. परंतु या लाटेचा ताण काचांच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर आणि स्टँडवर अखंड पडतो, म्हणून लाट एक-दोन सेंमीपेक्षा उंच होऊ देऊ नये, आणि आडोशाला पडलेला कोपरा केवळ लाटेने धुतला जाईल अशी अपेक्षा तर अजिबात ठेवू नये.

चार महिन्यांनी तो पुन्हा का आला

दुरुस्तीनंतर चार महिन्यांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा गुलाबी झाक दिसली, आणि या वेळी दगडांवरही सगळीकडे थोडा गाळ होता. एका जागेचा दोष हा मांडणीचा असतो; सगळीकडे हळूहळू वाढणारा दोष पंपाचा असतो. कोपऱ्यातला वेग मोजला तर तो निम्म्यावर, ४ सेंमीवर आला होता. कंट्रोलर मात्र ७० टक्केच दाखवत होता. कंट्रोलरचा आकडा मोटरला दिलेल्या आज्ञेचा असतो, पाण्याचा नसतो.

पंप उघडल्यावर कारण हातात आले. जाळीवर कोरलाइन या चुना धरणाऱ्या शैवालाचा जांभळा थर जमून फटी अरुंद झाल्या होत्या, प्रोपेलरच्या पात्यांवर चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे होते आणि आतल्या आसावर कॅल्शियमचे कण बसले होते. टँक जितका निरोगी आणि कॅल्शियम-अल्कलिनिटी जितकी चांगली, तितके हे साचणे लवकर होते. उपाय सोपा आहे: पंपाचे प्लगपासून तारेपर्यंत सगळे सोडवून पाण्यात राहणारा भाग सुट्टा करावा, एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात तासभर बुडवावा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावा आणि साध्या पाण्यात दोनदा धुऊनच टँकमध्ये परतावा. फेस येतो तो चुन्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. तो थांबला आणि चुना शिल्लक असला तर द्रावण बदलावे. पांढरा व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळूनही चालतो, वेळ अधिक लागतो. चुंबकाच्या प्लास्टिकच्या आवरणाला तडा किंवा फुगवटा दिसला तर तो भाग पुन्हा वापरू नये, कारण आतला गंजणारा धातू पाण्यात उतरतो. मी आता दर तीन महिन्यांनी एक पंप स्वच्छ करतो आणि दुसरा त्यानंतर दोन आठवड्यांनी. दोन्ही एकदम स्वच्छ केले तर प्रवाह एका रात्रीत दुप्पट होऊन वाळू आणि मऊ मांसाच्या प्रवाळांचे नुकसान होते. परत लावताना तारेला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खाली ठिबकते आणि प्लगपर्यंत पोहोचत नाही. आणि गळती प्रवाह तोडणारा ब्रेकर या जोडणीवर असलाच पाहिजे.

वाढवताना सांभाळायच्या गोष्टी

प्रवाह कमी असल्याचे कळल्यावर तो एकदम वाढवण्याचा मोह होतो. पंपाच्या समोर ३० सेंमीच्या आत कोणताही प्रवाळ नसावा. युफिलियाचे हात झुलायला हवेत; ते सतत एकाच बाजूला लोळून पडलेले असतील तर मांस सांगाड्याच्या धारेवर कापले जाते. अ‍ॅक्रोपोरा पुष्कळ सोसतो, तरी अखंड एकाच दिशेचा झोत त्यालाही त्या बाजूने सोलतो. साखरेसारखी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू थोड्याशा झोताने उडते. १ ते २ मिमी दाण्याची वाळू बरीच स्थिर राहते, आणि वाळू उडत असेल तर ताकद कमी करण्यापूर्वी पंप थोडा वर घेऊन पाहावा.

रात्रीचा प्रवाह अनेक जण अगदी मंद करतात. याबाबत माझे मत स्पष्ट आहे: तो दिवसाच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी करू नये. २५ अंशांना गोड्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच, आणि रात्री मासे, प्रवाळ व जिवाणू सगळेच तो वापरत असतात. पृष्ठभागावर तेलकट साय दिसत असेल तर ओव्हरफ्लोचे दात तुंबलेले नाहीत ना ते पाहावे आणि रिटर्नचे तोंड पाणी खळबळेल इतके वर वळवावे. पंपाने भोवरा करून हवा ओढू नये इतपत तो खोल असला म्हणजे झाले.

थर गेल्यावरही मी दर चार महिन्यांनी अठरा खणांचा नकाशा पुन्हा काढतो. प्रवाळ वाढतात, आणि वाढलेला प्रवाळ हा पाण्याच्या दृष्टीने नवा दगडच असतो. मागच्या नकाशात डाव्या ढिगाच्या मागचा खण ९ सेंमीवरून ३ सेंमीवर आलेला दिसला. पंप स्वच्छ होते, दगड जागेवर होते. माँटिपोरा या प्रवाळाची एक थाळी वाढत वाढत मागच्या काचेपासून बोटभर अंतरावर पोहोचली होती आणि तिने ती वाट बुजवली होती. थाळीची तळहाताएवढी कड मी तोडून काढली, तो तुकडा उजव्या ढिगावर चिकटवला, आणि दुसऱ्या दिवशी त्या खणात सोडलेला कण न थांबता पलीकडे गेला.